रोगाचे नाव आणि रोगाचे नाते

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



देवघेवीच्या टेबलाशी येऊन एखादा वाचक 'फुफ्फुसाच्या क्षयावरचे पुस्तक हवे' असे सांगतो, तेव्हा त्याच्या लेखी ती अगदी साधी मागणी असते. ग्रंथपालापुढे मात्र त्या क्षणी एक जुना प्रश्न उभा राहतो. हे पुस्तक फुफ्फुसांच्या रोगांत शोधायचे की क्षयरोगात? मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली सुरू केलेल्या दशांश वर्गीकरणात वैद्यकाला ६१० ही जागा आहे. त्यातील फुफ्फुसांचे रोग ६१६.२४ या अंकाखाली येतात आणि क्षयरोग ६१६.९९५ या अंकाखाली. पुस्तक एकच असते आणि ते एका वेळी एकाच फळीवर उभे राहू शकते. म्हणून ग्रंथपाल एक जागा निवडतो, आणि दुसऱ्या जागेसाठी सूचीच्या खणात एक पत्र ठेवतो. त्यावर 'हेही पाहा' असे दोन शब्द असतात.

या दोन शब्दांवर ग्रंथालयांचा व्यवहार शंभर वर्षे सुरळीत चालत आला आहे. याचे कारण असे की, सूची वाचणारा मनुष्य असतो. 'हेही का पाहायचे', हे पत्रावर लिहिलेले नसले तरी त्याला ते कळते. क्षय हा रोगाचा प्रकार, फुफ्फुस हे रोगाचे ठिकाण, जंतू हे रोगाचे कारण, हा भेद तो आपल्या बुद्धीने भरून काढतो. परंतु जेव्हा सूची वाचणारे यंत्र असते, तेव्हा 'हेही पाहा' पुरेसे होत नाही. दोन गोष्टींमध्ये संबंध आहे एवढे सांगून भागत नाही. तो संबंध कोणत्या जातीचा आहे, हे लिहूनच द्यावे लागते. गेल्या काही दशकांत रुग्णालयांच्या नोंदी संगणकावर जाऊ लागल्या आणि वैद्यकापुढे हाच प्रश्न आला. चुकीच्या फळीवर शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परत जातो. चुकीच्या नात्याने जोडलेल्या रोगाची किंमत याहून जड असू शकते.

रोगांना नावे देणे आणि रोगांची मांडणी करणे ही कामे फार जुनी आहेत. लंडनमधील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांचा अभ्यास करून जॉन ग्रॉन्ट यांनी १६६२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या याद्यांत मृत्यूची कारणे म्हणून 'वार्धक्य', 'दात', 'अकस्मात' अशा नोंदी आढळतात. गंडमाळेला तेथे 'राजाची व्याधी' म्हणत, कारण राजाच्या स्पर्शाने ती बरी होते असा समज होता. एक नाव वयावरून, दुसरे अवयवावरून, तिसरे घटनेवरून, चौथे श्रद्धेवरून! अशा नावांची बेरीज करता येते. त्या बेरजेतून काही शिकता येईलच असे मात्र नाही.

ही अडचण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विल्यम फार यांनी नेमकी ओळखली. १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने मृत्यूच्या कारणांची सर्व देशांना लागू पडेल अशी यादी करण्याचे काम फार आणि जिनीव्हाचे मार्क देस्पिन यांच्याकडे सोपवले. फार यांच्या मांडणीत साथीचे रोग, सर्व शरीर व्यापणारे रोग, विशिष्ट अवयवांचे रोग, वाढीच्या अवस्थेतील रोग आणि अपघात असे गट होते. पुढे पॅरिसचे झाक बर्तियों यांची यादी १८९३ साली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या शिकागो येथील अधिवेशनात मान्य झाली. १९४८ च्या सहाव्या सुधारणेपासून जागतिक आरोग्य संघटनेने हे काम आपल्याकडे घेतले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत होऊन १९९४ पासून वापरात आली. अकरावी २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचा मूळ हेतू मोजणे हा आहे. एक मृत्यू दोनदा मोजला गेला तर हिशेब बिघडतो. म्हणून प्रत्येक रोगाला एकच घर, हा त्याचा नियम. दहाव्या आवृत्तीत क्षय हा संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणात ए १५ ते ए १९ या अंकांखाली बसला. श्वसनसंस्थेच्या प्रकरणाला तो पारखा झाला. मेंदूच्या आवरणाला क्षयामुळे येणारी सूज तर संसर्गातही मोडते आणि मज्जासंस्थेच्या रोगांतही. तेथे वर्गीकरणकारांनी एक तोड काढली. मूळ रोगाच्या ए १७.० या अंकापुढे कट्यारीचे चिन्ह आणि अवयवाच्या जी ०१ या अंकापुढे तारका! ही कट्यार आणि तारका म्हणजे ग्रंथपालाचे 'हेही पाहा'च होय. फरक इतकाच की कारण कोणते आणि ठिकाण कोणते, हे त्या चिन्हांनी थोडे तरी सांगितले.

वस्तुतः रोगाला एका नावाने न ओळखता अनेक अंगांनी ओळखावे, हा विचार भारतीय वैद्यकाला नवा नाही. माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथाने ज्या निदानपंचकाच्या आधारे रोगांची मांडणी केली, ती पाच अंगे अशी : रोग ज्यामुळे होतो ते निदान, येण्यापूर्वी जी चाहूल देतो ते पूर्वरूप, प्रकट झाल्यावर जे दिसते ते रूप, ज्याने उतार पडतो तो उपशय, आणि शरीरात तो ज्या क्रमाने घडतो ती संप्राप्ती. यांतील प्रत्येक अंग हे रोगाचे एकेक नाते आहे, आणि प्रत्येक नात्याला स्वतंत्र नाव आहे. कारणाला रूप समजू नये आणि रूपाला कारण समजू नये, ही शिस्त त्या पाच शब्दांत बांधलेली आहे.

ग्रंथालयशास्त्रात हीच शिस्त डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी आणली. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले असताना तेथील एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. मोजक्याच पट्ट्या आणि स्क्रू यांपासून हवी ती वस्तू जोडता येते, हे पाहून त्यांना सुचले की प्रत्येक विषयाला तयार अंक देत बसण्यापेक्षा विषयाची अंगे वेगळी करावीत आणि ती जोडून अंक घडवावा. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाचे पाठ्यपुस्तकांत नेहमी येणारे उदाहरण योगायोगाने क्षयरोगाचेच आहे. 'भारतात १९५० साली फुफ्फुसांच्या क्षयावरील क्ष-किरण उपचारासंबंधी झालेले संशोधन' या विषयाचा अंक घडवताना 'एल' म्हणजे वैद्यक, ४५ म्हणजे फुफ्फुसे, ४२१ म्हणजे क्षय, ६ म्हणजे उपचार, २५३ म्हणजे क्ष-किरण, 'एफ' म्हणजे संशोधन, ४४ म्हणजे भारत आणि 'एन ५' म्हणजे १९५०, अशी अंगे येतात. त्यांच्यामध्ये स्वल्पविराम, अर्धविराम, द्विबिंदू, पूर्णविराम ही चिन्हे असतात. पुढे येणारे अंग कोणत्या जातीचे आहे, हे ती चिन्हे सांगतात. फुफ्फुस आणि क्षय शेजारी ठेवले एवढेच नव्हे, तर ते कोणत्या नात्याने शेजारी आले हेही अंकातच लिहिले गेले.

रुग्णालयांच्या बाजूनेही विचार याच दिशेने गेला. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांच्या महाविद्यालयाने १९६५ साली विकृतिशास्त्राची एक संज्ञावली तयार केली. तिला चार अक्ष होते : शरीरातील स्थान, ऊतींमधील रूपविकृती, कारण आणि कार्यातील बिघाड. तिचाच विस्तार होऊन १९७५ साली 'स्नोमेड' ही संज्ञावली आली. मात्र या आरंभीच्या संज्ञावल्यांत एक उणीव होती. अंगे वेगळी केली होती; पण ती जोडण्याचे व्याकरण सैल होते. आंत्रपुच्छाचा तीव्र दाह ही नोंद कोणी त्या रोगाच्या तयार अंकाने करी, तर कोणी आंत्रपुच्छाचा अंक आणि तीव्र दाहाचा अंक शेजारी ठेवून करी. वैद्याला दोन्ही नोंदी एकच वाटत. संगणकाला त्या दोन वेगळ्या रुग्णांच्या दोन वेगळ्या व्याधी वाटत.

इंग्लंडमध्ये लफबरो येथील जेम्स रीड या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात आपल्या व्यवसायाच्या सोयीसाठी संज्ञांचे अंक बनवले होते. ते पुढे त्या देशाच्या आरोग्यसेवेने स्वीकारले. तर्कशास्त्राच्या पायावर नव्याने उभारलेली 'स्नोमेड' आणि रीड यांच्या अंकांतून वाढलेली संज्ञावली यांचा संगम होऊन २००२ साली 'स्नोमेड सीटी' जन्माला आली. २००७ साली नऊ देशांनी मिळून तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. भारत २०१४ साली तिचा सदस्य झाला. या विषयाचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आहे. या संज्ञावलीत साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. त्यांची संख्या पाहून मनुष्य थक्क होईल. परंतु तिचे खरे सामर्थ्य संख्येत नाही, त्या संकल्पनांना बांधणाऱ्या नात्यांत आहे.

येथे प्रथम संकल्पना आणि शब्द यांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. क्षय, राजयक्ष्मा, टी. बी. हे शब्द तीन, संकल्पना एक. संज्ञावलीत संकल्पनेला एक अंक मिळतो आणि सर्व शब्द त्या अंकाला चिकटवले जातात. फुफ्फुसाच्या क्षयाचा अंक १५४२८३००५ असा आहे. या अंकाकडे पाहून रोग कोणता ते ओळखता येत नाही, आणि हे जाणूनबुजून केलेले आहे. अंकातच रोगाचे घर कोरून ठेवले, तर ज्ञान बदलल्यावर रोग घर बदलू शकत नाही. याचे उत्तम उदाहरण क्षयाच्या इतिहासातच आहे. फुफ्फुसांचा क्षय, मानेतील गंडमाळ आणि त्वचेवरील काही चट्टे हे दीर्घकाळ वेगवेगळे रोग मानले जात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला आणि ही दूरदूरची कुटुंबे एका घराण्याची ठरली. शब्द तेच राहिले, नाती बदलली.

संकल्पनांमधील पहिले आणि मुख्य नाते म्हणजे 'हा त्याचा एक प्रकार आहे' हे होय. फुफ्फुसाचा क्षय हा क्षयाचा एक प्रकार आहे. तसाच तो फुफ्फुसाच्या रोगाचाही एक प्रकार आहे. ड्युईंच्या फळीवर जे शक्य नव्हते ते येथे शक्य झाले. लेकीला जसे माहेर आणि सासर अशी दोन घरे असतात आणि एका घरची झाली म्हणून ती दुसऱ्याला परकी होत नाही, तसे एका संकल्पनेला एकाहून अधिक पूर्वज असू शकतात. या नात्याबरोबर वारसाही येतो. क्षयाविषयी जे जे सत्य आहे ते फुफ्फुसाच्या क्षयाविषयी सत्य असलेच पाहिजे. यातील 'असलेच पाहिजे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'बहुधा' असणाऱ्या गोष्टीला येथे प्रवेश नाही.

दुसऱ्या जातीची नाती ही गुणविशेषांची. फुफ्फुसाच्या क्षयाचे विकारस्थान फुफ्फुस. त्याचा कारक घटक क्षयजंतू. मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगाचे विकारस्थान मांडीचे हाड; रूपविकृती भंग. कोणत्या नात्याच्या दुसऱ्या टोकाला काय बसावे, याचेही नियम आहेत. विकारस्थानाच्या टोकाला शरीराचा अवयवच हवा. कारक घटकाच्या टोकाला जीवजंतू, द्रव्य, वस्तू किंवा भौतिक बल हवे. हे एक प्रकारचे व्याकरणच आहे.

या नात्यांतून व्याख्या कशी सिद्ध होते, हे न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन उमगेल. गायीचे लक्षण 'शिंगे असणे' असे केले तर म्हशीलाही ते लागू पडते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंग असणे' असे केले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'एकच अखंड खूर असणे' असे केले तर ते एकाही गायीला लागू पडत नाही, हा असंभव. गळ्याखालची पोळी सर्व गायींना असते आणि शिंगवाल्या म्हशीला नसते, म्हणून नैयायिकांनी ते लक्षण धरले. संज्ञावलीतही हीच कसोटी आहे. 'मांडीच्या हाडाचा भंग' ही नाती मांडीच्या हाडाच्या प्रत्येक अस्थिभंगाला लागू पडतात आणि अन्य कशालाच लागू पडत नाहीत. अशी व्याख्या पूर्ण समजतात. उलट 'डोक्याच्या ठिकाणी होणारे दुखणे' एवढे सांगून अर्धशिशीचे लक्षण पुरे होत नाही. ते खरे आहे, पण अतिव्याप्त आहे. जेथे नाती खरी परंतु अपुरी असतात, तेथे ती संकल्पना अपूर्ण-लक्षित म्हणून तशी चिन्हांकित केली जाते. आपली व्याख्या कोठे अपुरी आहे याची उघड नोंद ठेवणे, हा प्रामाणिकपणा ज्ञानकोशांतही दुर्मीळ असतो.

पूर्ण व्याख्येचे फळ असे की, यंत्र स्वतः अनुमान करू शकते. वृद्ध माणूस पडतो आणि त्याच्या मांडीच्या हाडाच्या मानेला भंग होतो. ती मान मांडीच्या हाडाचाच भाग आहे, हे शरीररचनेच्या शाखेत लिहिलेले असते. त्यावरून ही नोंद मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगाखाली आपोआप जाऊन बसते. कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु येथेच एक खड्डा आहे. 'प्रकार असणे' आणि 'भाग असणे' ही दोन नाती बोलण्यात सहज मिसळतात. बोट हा हाताचा भाग आहे. बोट हा हाताचा प्रकार नव्हे. बोटाचे हाड मोडले तर हाताला इजा झाली, असे म्हणणे योग्य आहे. बोट कापावे लागले तर हात कापला, असे म्हणता येत नाही. एकाच बोटाविषयी एक अनुमान खरे ठरते आणि दुसरे खोटे! हे टाळण्यासाठी संज्ञावलीने 'हाताची रचना' आणि 'संपूर्ण हात' अशा वेगवेगळ्या संकल्पना केल्या. हाताची रचना म्हटले की हात किंवा त्याचा कोणताही भाग. संपूर्ण हात म्हटले की सबंध अवयव. सामान्य माणसाला हा भेद पाल्हाळिक वाटेल. ज्याच्या कागदावर एका बोटाऐवजी हात गेल्याची नोंद होईल, त्याला तो तसा वाटणार नाही.

कारणाच्या नात्यातही अशीच सावधगिरी लागते. डास चावल्याने हिवताप होतो, असे सर्रास म्हटले जाते. सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे परजीवी दिसले, आणि डासाचा वाटा उघड झाला. तरीही हिवतापाचा कारक घटक डास नव्हे, तो परजीवी होय. डास हा वाहक. त्याचप्रमाणे 'मुळे' आणि 'नंतर' ही दोन नाती वेगळी ठेवलेली आहेत. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारा विकार हा डोळ्याच्या रोगाचा एक प्रकार आहे आणि मधुमेह हे त्याचे कारण आहे. तो मधुमेहाचा प्रकार नव्हे. आणि एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणजे पहिलीमुळे घडली असे नव्हे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, ही मराठी म्हण आणि संस्कृतातील काकतालीय न्याय वैद्यकीय नोंदीच्या प्रत्येक पानावर लिहून ठेवण्याजोगे आहेत.

या सूक्ष्म भेदांचा रुग्णाच्या जिवाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर एका साध्या प्रसंगात आहे. एखाद्या स्त्रीच्या कागदावर 'पेनिसिलिन सोसत नाही' अशी नोंद आहे. काही वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसरा डॉक्टर, घाईच्या वेळी तिला अमॉक्सिसिलिन लिहून देतो. दोन शब्दांत साम्य असले तरी ते एक नव्हेत. अक्षरे जुळवून पाहणाऱ्या यंत्राला येथे काहीच दिसणार नाही. मात्र नाती लिहिलेली असतील तर तीन पायऱ्यांत उलगडा होतो. त्या गोळीतील औषधी द्रव्य अमॉक्सिसिलिन आहे. अमॉक्सिसिलिन हा पेनिसिलिनचा एक प्रकार आहे. आणि या स्त्रीच्या अवाजवी प्रतिक्रियेचा कारक घटक पेनिसिलिन आहे. यंत्र थांबते आणि डॉक्टरला सावध करते. यांतील मधले नाते कोणी लिहायचे विसरले असेल, तर यंत्र गप्प राहील. आणि यंत्राच्या गप्प राहण्याला माणूस संमती समजेल. धोका आहे तो तेथे.

नोंदीचा संदर्भ हाही नात्याचाच एक भाग आहे. 'क्षय', 'क्षय नाही', 'आईला क्षय होता', 'क्षयाची शंका' या चारही नोंदींत शब्द एकच. संगणकाने नुसता शब्द टिपला तर चारही रुग्ण क्षयरोगी ठरतील. म्हणून व्याधी कोणाची, ती आहे की नाही, आता की पूर्वी, यांसाठी स्वतंत्र नाती ठेवावी लागतात. आईची व्याधी हा मुलाच्या व्याधीचा प्रकार नव्हे, ही गोष्ट मनुष्याला कधी सांगावी लागली नव्हती. यंत्रामुळे ती लिहिण्याची वेळ आली.

ग्रंथालयाच्या मंडळींना आपला वाटेल असा आणखी एक नियम या संज्ञावलीत आहे. ग्रंथालयात एकदा दिलेला दाखल क्रमांक, ते पुस्तक जीर्ण होऊन रद्द झाले तरी, दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. दाखल नोंदवहीत ती ओळ राहते आणि शेऱ्याच्या रकान्यात 'रद्द' असे लिहिले जाते. संकल्पनेचा अंकही असाच आहे. एखादी संकल्पना संदिग्ध किंवा चुकीची ठरली, तर ती पुसत नाहीत; ती निवृत्त करतात आणि तिच्या जागी आता कोणती घ्यावी हे नवे नाते जोडतात. वीस वर्षांपूर्वीचा रुग्णाचा कागद आजही वाचता यावा, हा त्यामागील हेतू. शंभर वर्षांच्या नोंदवह्या जपणाऱ्या संस्थेला या नियमाचे मोल सांगण्याची गरज नाही.

सर्वांत नाजूक नाते एका परंपरेतून दुसऱ्या परंपरेत जाताना जुळवावे लागते. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत : सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत त्वचेच्या अनेक विकारांचा समावेश होतो. आजच्या मराठीत कुष्ठरोग म्हणजे ज्याचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली शोधला तो रोग. शब्द सारखा आहे म्हणून 'कुष्ठ बरोबर कुष्ठरोग' असे समीकरण कोणी मांडले, तर साध्या त्वचाविकाराच्या माणसावर असा शिक्का बसेल की, जो समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना गावाबाहेर काढण्यासाठी वापरला. प्रमेहाचे वीस प्रकार आणि त्यांपैकी एक मधुमेह. तेव्हा प्रमेहाला मधुमेह म्हणणे म्हणजे घराण्याला एका मुलाचे नाव देणे होय. म्हणून दोन परंपरांच्या संज्ञा जोडताना 'समान', 'अधिक व्यापक', 'कमी व्यापक' अशी नाती स्पष्ट लिहावी लागतात. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या संज्ञांचा विभाग २०२४ साली जाहीर झाला, तेव्हा हे काम जगाच्या व्यासपीठावर आले. त्याचा पाया मात्र संस्कृत, तमिळ, अरबी-फारसी आणि देशी भाषा नीट वाचणाऱ्यांच्या हाती आहे.

याच आवृत्तीत एक संकल्पना मूळ कोशात एकाहून अधिक घरी नांदते आणि मोजणीपुरते तिला एक घर नेमून दिले जाते. दोन अंक जोडण्यासाठी तिरकी रेघ आणि दुसरे एक चिन्ह वापरतात. मद्रासच्या ग्रंथपालाने विरामचिन्हांनी जे साधले, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. मोजणाऱ्याला एक घर हवे, शोधणाऱ्याला अनेक वाटा हव्यात. हा दोघांचा वाद अखेर ग्रंथालयाच्याच रीतीने मिटला, असे म्हणता येईल.

तथापि, नात्यांचे हे जाळे कितीही बारीक विणले तरी रुग्ण त्याहून मोठा राहतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठराव्या अध्यायात असा आशय आहे की, एखाद्या विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांना ठरलेली नावे असतात असे नाही. त्याने विकाराचे स्वरूप, त्याचे स्थान आणि त्याची कारणे जाणून उपचार करावा. नाव चुकले तर चालेल, नाती चुकता कामा नयेत, असाच याचा अर्थ. साडेतीन लाख संकल्पनांच्या संज्ञावलीलाही अखेर याच वाटेने जावे लागले.

ग्रंथालयाच्या जुन्या सूचीपत्रांवर, पिवळ्या पडलेल्या कागदावर, बोरूने किंवा टाकाने लिहिलेले 'हेही पाहा' आजही दिसते. ते लिहिणाऱ्या ग्रंथपालाला ठाऊक होते की, वाचक कोणत्या शब्दाने येईल हे सांगता येत नाही. म्हणून त्याने प्रत्येक दारावर एक खूण ठेवली. रुग्णही असाच आपल्या शब्दाने येतो. 'छाती भरून येते', 'अंगात कसकस आहे', 'पोटात खड्डा पडतो' असे तो सांगतो. त्याच्या शब्दापासून नेमक्या संकल्पनेपर्यंत आणि तेथून योग्य उपचारापर्यंत जाणारी वाट कोणीतरी आधी लिहून ठेवलेली असावी लागते. ती लिहिणाऱ्याचे नाव रुग्णाला कधी कळणार नाही. परंतु ज्या दिवशी यंत्र वेळेवर थांबेल आणि ती गोळी त्या स्त्रीच्या हातात पडणार नाही, त्या दिवशी त्या अनामिकाने लिहिलेले एक नाते कामी आलेले असेल.